ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेम : मुंबईतील मराठी खेळाडूंच्या अपेक्षा

ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेम म्हणजे प्रत्यक्ष होऊन गेलेल्या काळातले एखादे राज्य, घराणे किंवा सैन्य खेळाडूच्या हाती सोपवून त्याचा कारभार आणि लढाया चालवायला लावणारा व्हिडिओ गेम. ‘रिअल-टाइम’ प्रकारात घड्याळ थांबत नाही. शेत पिकवणे, घरे बांधणे, शत्रूला अडवणे हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. ‘टर्न-बेस्ड’ प्रकारात पाळीपाळीने चाल करायची. ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ प्रकारात सगळा नकाशाच हाती येतो आणि लढाईपेक्षा वारसा, कर, तह आणि बंडे यांतच संध्याकाळ निघून जाते. सिव्हिलायझेशन (१९९१), एज ऑफ एम्पायर्स (१९९७), टोटल वॉर (२०००) आणि युरोपा युनिव्हर्सालिस (२०००) या मालिकांनी या प्रकाराला आजचे रूप दिले.

मुंबईत हा प्रकार घराघरांत पोचला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेला असेंबल्ड पीसी, संगणकाच्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडी आणि गल्लीतला सायबर कॅफे ही त्याची साधने. त्या काळी हातोहात फिरणारी गेमची प्रत बहुधा चोरीचीच असे, हे लपवण्यात अर्थ नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल उरकून लॅनवर (एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर) ‘एज’ लावायचे, ‘आधी व्हिलेजर काढ’, ‘भिंत घाल, रश (लवकरचा हल्ला) येतोय’ अशा आरोळ्या द्यायच्या, यात एक अख्खी पिढी तयार झाली. एज ऑफ एम्पायर्सच्या १९९९ मधल्या दुसऱ्या भागात भारतीय राज्य एकही नव्हते. त्यामुळे गिरगाव, दादर, डोंबिवलीतल्या मुलांनी ब्रिटन, फ्रँक, मंगोल आणि जपानी यांची साम्राज्ये उभी केली. भारतीय या खेळात आले ते २०१३ मधल्या विस्तारातून, म्हणजे मूळ गेमला मागून जोडलेल्या भागातून, आणि तेही सगळा उपखंड एकाच नावाखाली बांधून. २०२२ मध्ये त्याचे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार भाग झाले. देवगिरीचे यादव आणि बहमनी सुलतान यांचा दख्खन मात्र या चौघांच्या मधल्या फटीतच राहिला.

मराठे खेळायला मिळाले ते एम्पायर : टोटल वॉर (२००९) या गेममध्ये. त्याची मोहीम १७०० साली सुरू होते आणि त्यात मराठ्यांचे राज्य खेळाडूला स्वतः चालवता येते. मोठ्या कंपनीच्या जगभर विकल्या जाणाऱ्या गेममध्ये मराठ्यांचा झेंडा दिसणे ही त्या वेळी अप्रूपाची गोष्ट होती, आणि आजही जुन्या खेळाडूंच्या बोलण्यात हा गेम येतोच. मात्र नव्या गेमकडून काय हवे याची चर्चाही त्याच्यापाशीच सुरू होते, कारण मराठे तिथे मैदानात समोरासमोर रांगा लावून लढतात. झेंडा मराठ्यांचा आणि युद्ध युरोपचे, अशी ती गत आहे.

मागणीचा गाभा

मराठी खेळाडूंची पहिली आणि सर्वांत ठाम मागणी अशी, की प्रदेशाची युद्धरीत आणि राज्यरीत गेमच्या नियमांत उतरावी. सैनिकाला पगडी घातली, पार्श्वसंगीतात तुतारी वाजवली, की काम झाले असे होत नाही. पालखेडची मोहीम याचे चांगले उदाहरण आहे. १७२७-२८ मध्ये निजामुल्मुल्क पुण्याकडे वळला, तरी बाजीरावाने त्याच्याशी मैदानी लढाई घेतली नाही. तो निजामाचाच मुलूख मारत खानदेश-गुजरातेकडे सरकला. निजामाला पाठलागावर यावे लागले, वेग धरण्यासाठी जड तोफखाना मागे ठेवावा लागला, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला त्याचे सैन्य दाणा-पाणी तुटून कोंडले गेले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. आता हीच मोहीम एम्पायरमध्ये खेळून पाहावी. तिथे सैन्याला दर टर्नला पैसा लागतो, पण चारा, धान्य आणि पाणी लागत नाही. रसद तोडणे ही चालच नसेल तर पालखेड घडणार कुठून? याच मालिकेच्या थ्री किंग्डम्स (२०१९) या गेममध्ये सैन्याच्या रसदीचा वेगळा हिशेब आला. म्हणजे अडचण तंत्राची नाही. दख्खनसाठी तो हिशेब या मालिकेत मांडलेला नाही, एवढेच.

समुद्राचेही तसेच. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी ते बांधायला घेतले. मुंबईच्या तोंडावर किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाला वेढा घातला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा जास्त. मराठ्यांची गलबते लहान, उथळ पाण्यात शिरणारी आणि वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणारी. वाऱ्याअभावी इंग्रज जहाज जागच्या जागी खिळले, की ही गलबते रसद आणि माणसे घेऊन बेटावर पोचत. अखेर इंग्रजांनी वेढा सोडला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. एम्पायरमध्ये टोटल वॉर मालिकेने पहिल्यांदाच आरमारी लढाई प्रत्यक्ष खेळायला दिली, पण तिथे ज्याच्याकडे तोफांच्या रांगा जास्त त्याचे पारडे जड. भरती-ओहोटी, पाण्याची खोली, वल्हे आणि रात्र या चार गोष्टी नियमांत आल्या तर कोकणच्या किनाऱ्यावरचा खेळ पार बदलून जाईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांमध्ये खांदेरीही आहे. त्यामुळे हा विषय आता कोण्या एका हौशी गटापुरता उरलेला नाही.

कारभाराच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण लाकडाचे आहे. एज ऑफ एम्पायर्सच्या दुसऱ्या भागात प्रत्येक झाडातून १०० लाकूड मिळते, ते तोडायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि पुढे त्याचीच जहाजे होतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मात्र आरमारासाठी लाकूड कसे आणावे याचा स्वतंत्र विचार आहे. आंबा, फणस ही झाडेही कामाची आहेत, पण त्यांना हात लावू नये, कारण ती एका-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच तोडावे. यात गेमसाठी अख्खा नियम तयार आहे: किनाऱ्यावरची झाडे तोडली तर जहाज आज मिळेल, पण गाव हातचे जाईल. असे पेच खेळाडूला हवे आहेत. चौथ आणि सरदेशमुखी यांचेही तेच. दुसऱ्याच्या मुलखातल्या वसुलीचा चौथा आणि दहावा हिस्सा मागायचा आणि मुलूख मात्र त्याच्याच नावावर ठेवायचा, ही सत्तेची एक तिसरीच पायरी आहे. ‘माझा प्रांत’ आणि ‘तुझा प्रांत’ असे दोनच रंग ओळखणाऱ्या नकाशावर ती रंगवता येत नाही.

आदराचा प्रश्न

महाराष्ट्रात या विषयाला एक नाजूक बाजू आहे. शिवाजी महाराज गेममध्ये असावेत का, आणि कसे? काही रिअल-टाइम गेममध्ये राजा हाही पटावरचा एक मोहरा असतो. तो चुकीच्या जागी उभा केला तर मरतो आणि खेळाडू मागची सेव्ह (साठवून ठेवलेला डाव) उघडतो. महाराजांच्या बाबतीत हे अनेकांना खपत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. काहींच्या मते खेळाडूने सरदार, किल्लेदार किंवा आरमाराचा सुभेदार व्हावे आणि आज्ञा महाराजांकडून यावी. काहींना स्वतः राज्य चालवायचे आहे, पण महाराज रणांगणावरची प्यादी म्हणून नकोत. पहिला मार्ग अधिक चांगला, असे म्हणावेसे वाटते. किल्लेदाराच्या भूमिकेतून गड लढवणे हा मुळातच वेगळा खेळ होईल, आणि आदरही राखला जाईल. ग्रँड स्ट्रॅटेजीत मात्र राज्यकर्ता पडद्यामागे असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न तितका टोचत नाही.

लोकांचा विचार घेऊन चित्रण सुधारता येते याचा दाखलाही आहे. एज ऑफ एम्पायर्सच्या तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती २०२० मध्ये निघाली तेव्हा अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांच्या सल्लागारांशी बोलून त्यांच्या संस्कृतींचे नियम आणि इमारती बदलण्यात आल्या. युरोपा युनिव्हर्सालिसच्या पाचव्या भागाच्या विकासकांनी तर गेम निघण्याआधीच प्रदेशवार नकाशे जाहीर करून खेळाडूंकडून दुरुस्त्या मागवल्या. गावांची नावे, नद्या आणि घाट यांची माहिती असलेल्या मराठी माणसाला अशा वेळी बोलायला जागा मिळते. ती त्याने घ्यावी.

सर्वांच्या तक्रारी

काही मागण्या मुंबईच्या नाहीत, जगभरच्या आहेत. संगणक-प्रतिस्पर्धी हुशार असावा. वरच्या पातळीवर त्याला फुकटचे सोने देऊन कठीण केलेला नसावा. खेळाचा शेवटचा एक-तृतीयांश भाग रेंगाळू नये. निम्म्या खेळात विजय ठरला असेल तर उरलेले शंभर टर्न नुसते बटण दाबत बसायला लागू नये. सिव्हिलायझेशनच्या सातव्या भागाने (२०२५) यावर तोडगा म्हणून खेळ तीन युगांत वाटला आणि प्रत्येक युगात नवी संस्कृती निवडायला लावली. बऱ्याच जुन्या खेळाडूंना ते रुचले नाही, कारण त्यांना एकच राज्य आरंभापासून शेवटपर्यंत न्यायचे होते. पडद्यावरची माहिती नीट वाचता येत नाही, ही तक्रारही तेव्हा जोरात झाली.

तुकड्या-तुकड्यांनी विक्री हे भारतीय खेळाडूचे जुने दुखणे. युरोपा युनिव्हर्सालिसचा चौथा भाग २०१३ चा, पण भारतावर भर देणारा ‘धर्मा’ हा विस्तार आला २०१८ मध्ये. क्रुसेडर किंग्ज या मालिकेच्या दुसऱ्या भागात भारत उघडला तोही २०१४ मध्ये, वेगळे पैसे मोजून. आपला प्रदेश मूळ खेळातच असावा, ही मागणी एका परीने मानाची आहे आणि एका परीने खिशाची. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयांत किंमत दिसू लागली आणि विकत घेऊन खेळणाऱ्यांना मोठा आधार मिळाला. त्याशिवाय गेम साध्या लॅपटॉपवर चालावा आणि हवा तेव्हा थांबवता यावा, या दोन गोष्टी मुंबईत फार महत्त्वाच्या. विरार किंवा कल्याणहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्याच्या हाती जेवणानंतरचा एखादा तास उरतो, आणि घरात वेगळी खोली क्वचितच असते. भाषेचे पाऊल पडले आहे, पण अर्धे: एज ऑफ एम्पायर्सच्या दुसऱ्या भागाच्या २०१९ च्या आवृत्तीत हिंदी आहे, मराठी नाही.

मुंबई स्वतः

व्हिक्टोरिया ३ (२०२२) हा गेम १८३६ ते १९३६ हे शतक मांडतो. मुंबईचे खरे नाट्य याच शतकातले आहे: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावलेली गाडी, १८५४ ची पहिली कापड गिरणी, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये कापसाला आलेला सोन्याचा भाव आणि युद्ध संपताच बुडालेले शेअर, १८९६ चा प्लेग. माल, मजुरी आणि बाजारभाव यांवर उभ्या असलेल्या या गेममध्ये मुंबई आहे ती मात्र साम्राज्याच्या पुरवठ्याची एक जागा म्हणून. ज्यांचे आजोबा-पणजोबा कोकणातून, घाटावरून येऊन लालबाग-परळच्या गिरण्यांत लागले, त्यांना गिरणीच्या मालकाइतकाच खोलीत वीस जणांसोबत राहणारा साचेवाला (मागावरचा कामगार) हाही खेळात हवा आहे.

कोणत्या सालापासून

नव्या मराठा गेमची चर्चा शेवटी आरंभाच्या सालावर येऊन अडते. १६५७ म्हटले तर कल्याण-भिवंडी हाती येते आणि आरमाराची सुरुवात खेळता येते. १७१९ म्हटले तर दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतलेले बाळाजी विश्वनाथ आणि पुढचा सगळा उत्तर हिंदुस्तान. खेळ म्हणून पाहिले तर १७०७ सर्वांत सकस. मार्चमध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, महाराणी ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला आणि ऑक्टोबरात खेडला दोन्ही बाजू भिडल्या. मुंबईच्या आसपास तर एका दिवसाच्या समुद्रप्रवासात चार सत्ता: वसईला पोर्तुगीज, मुंबईत इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी, जंजिऱ्याला सिद्दी आणि कुलाब्याला कान्होजी आंग्रे. आंग्रे तेव्हा ताराबाईंच्या पक्षाला होते. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांकडे वळवले. ती बोलणी खेळाडूच्या हाती दिली आणि ती फिसकटण्याची शक्यताही ठेवली, तर पश्चिम किनाऱ्याचा पुढचा प्रत्येक डाव वेगळा होईल.