नाशिकचे वीस अंश

नाशिकचा अक्षांश २० अंश उत्तर, हे नकाशात छापलेलं असतं. तो घराच्या गच्चीवर स्वतः मोजता येतो. भूमिती लागते ती आठवीचीच: समांतर रेषांना छेदिकेने (आडव्या जाणाऱ्या तिसऱ्या रेषेने) छेदलं की व्युत्क्रम कोन, म्हणजे दोन रेषांच्या आत पण छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना होणारे कोन, सारखे असतात.

दिवस २१ मार्चच्या आसपासचा हवा. तेव्हा विषुववृत्तावर भर मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. (२३ सप्टेंबरही चालेल, पण तेव्हा आपल्याकडच्या ढगांचा भरवसा नाही.) एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, म्हणून खाली फळी ठेवा आणि ती पाणसळीने सपाट करून घ्या. इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया.

घड्याळातल्या बाराला महत्त्व नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि नाशिक ७३.८ अंशांवर. त्यामुळे मार्चमध्ये इथली खरी मध्यान्ह होते १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत जा. सर्वांत आखूड सावली भरेल साधारण ३६ सेंमी.

आता वहीत १० सेंमीची उभी रेघ, तिच्या पायथ्याशी काटकोनात ३.६ सेंमीची आडवी रेघ काढा आणि टोकं जोडा. वरच्या टोकाला कोनमापक लावला की २० अंश.

पण हा तर काठी आणि किरण यांच्यातला कोन. तो अक्षांश कसा? काठी मनातल्या मनात खाली वाढवत न्या, ती पृथ्वीच्या केंद्राशी पोहोचते. नाशिकच्या थेट दक्षिणेला, मालदीवजवळच्या समुद्रात विषुववृत्तावर पडणारा किरण वाढवला तर तोही केंद्राशीच जातो. सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब, तेव्हा दोन्ही किरण समांतर मानायला हरकत नाही. काठी ही छेदिका. टोकाशी मोजलेला कोन आणि केंद्राशी झालेला कोन ही व्युत्क्रम जोडी, आणि केंद्राशी विषुववृत्तापासून नाशिकपर्यंतचा कोन म्हणजेच अक्षांश. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने अलेक्झांड्रियातल्या ७.२ अंशांच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ काढला, तो याच जोडीच्या आधारावर.

उत्तर थोडं चुकेलच. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे सावलीची कड मुळातच पुसट असते. मात्र अर्धा अंश म्हणजे जमिनीवर ५५ किलोमीटर. तेवढी चूक उत्तरेकडे झाली तर तुमची गच्ची मालेगावच्या अक्षांशावर जाऊन बसेल.