आर्चबिशप, रब्बी आणि बाजूला ठेवलेला प्रश्न

'कौन्सिल ऑफ ख्रिश्चन्स अँड ज्यूज' ही लंडनची एक धर्मादाय संस्था. बोलताना सगळे 'सीसीजे' म्हणतात. तिला अध्यक्ष एक नाही, बरेच आहेत, आणि त्यांतला कुणी निवडणूक लढवून आलेला नसतो. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रमुख धर्मगुरूच्या, गादीवर जो बसेल तो अध्यक्ष. वेस्टमिन्स्टरचा कॅथलिक आर्चबिशप, तोही अध्यक्ष. चर्च ऑफ स्कॉटलंडचा मॉडरेटर, म्हणजे धर्मसभेचा प्रमुख, दरवर्षी बदलतो, म्हणजे हा अध्यक्षही दरवर्षी नवा. आणि त्यांच्याच पंगतीला ज्यूंचे मुख्य धर्मगुरू, म्हणजे चीफ रब्बी. राणी एलिझाबेथ कित्येक दशकं संस्थेच्या आश्रयदात्या होत्या. हा सगळा थाट पाहिला की वाटतं, हारतुरे आणि चहापानाची संस्था असणार. पण ती उभी राहिली तीच मुळी एका अडचणीच्या प्रश्नाला बगल देऊन. ज्याच्याशी मैत्री करायची, त्याने आपला धर्म सोडून आपल्याकडे यावं अशी इच्छा मनात असेल, तर त्या मैत्रीचं काय करायचं?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये इतका नाजूक का, हे कळायला बरंच मागे जावं लागतं. मार्च ११९० मध्ये यॉर्कच्या किल्ल्यात आसऱ्याला गेलेल्या सुमारे दीडशे ज्यूंना जमावाने वेढलं. बऱ्याच जणांनी जमावाच्या हाती सापडण्यापेक्षा स्वतःच जीव दिला, उरलेल्यांना मारलं. १२२२ मध्ये ऑक्सफर्डला चर्चची धर्मसभा भरली आणि ज्यूंनी कपड्यांवर ओळखीची खूण लावावी, नवी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) बांधू नयेत, असे नियम झाले. १२९० मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर घालवलं. पुन्हा उघडपणे राहायची मुभा मिळाली ती क्रॉमवेलच्या काळात, १६५६ मध्ये. मधली साडेतीनशेहून जास्त वर्षं इंग्लंडात ज्यू जवळपास नव्हतेच, पण प्रवचनांतून आणि दगडांतून ते होतेच. रॉचेस्टर कॅथीड्रलमधल्या चौदाव्या शतकातल्या एका दाराच्या दोन बाजूंना दोन मूर्ती आहेत. एक चर्चची. दुसरी सिनेगॉगची: डोळ्यांवर पट्टी, हातातली काठी मोडलेली, धर्माज्ञांच्या पाट्या हातातून निसटत चाललेल्या. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही हा धडा येता-जाता पाठ होत होता.

एकोणिसाव्या शतकात सूर बदलला. १८०९ मध्ये लंडनला ज्यूंमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारी सोसायटी निघाली. तिच्या बोलण्यात शिव्याशाप नव्हते, प्रेम होतं; शाळा होत्या, दवाखाने होते. फक्त त्या प्रेमाचा शेवट बाप्तिस्म्यात व्हावा अशी अपेक्षा होती. पुढे कँटरबरीच्या आर्चबिशपने या सोसायटीचं आश्रयदातेपद घ्यायचं, हा रिवाजच पडला. हा रिवाज ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच लाटेचा एक फाटा आपल्याकडेही आला होता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. गिरगाव चौपाटीसमोरचं कॉलेज त्यांच्याच नावाचं. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल ज्यूंसाठी त्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावात 'शनिवार तेली' म्हणत, त्या केहिमकर-रोहेकरांची मुलं मिशनच्या शाळांत आपल्याच पूर्वजांची भाषा शिकली आणि आपलं शास्त्र मराठीत वाचू लागली. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीचे होते त्याहून पक्के ज्यू झाले. मिशनऱ्याने पेरलं एक आणि उगवलं दुसरंच!

युरोपात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिथे सुधारणावादी ज्यू आणि काही ख्रिस्ती यांनी १९२७ मध्ये लंडनला एकत्र येऊन चर्चा सुरू केल्या होत्या. रब्बी इस्राएल मॅटक त्यांत पुढे होते. पण हा सगळा प्रकार दिवाणखान्यातला. चर्चच्या घरात शिरून चर्चचंच दप्तर तपासणारा माणूस वेगळा होता. त्याचं नाव जेम्स पार्क्स.

पार्क्स १८९६ मध्ये ग्वेर्नसी बेटावर जन्मले. पहिल्या महायुद्धात लढले, विषारी वायूचा त्रास घेऊन परतले आणि अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, पाद्री झाले. जिनिव्हात विद्यार्थी संघटनेचं काम करताना युरोपातल्या विद्यापीठांमधला ज्यूद्वेष त्यांनी जवळून पाहिला. हा द्वेष येतो कुठून, हे शोधायला ते बसले आणि पोचले चर्चच्या पहिल्या काही शतकांतल्या धर्मगुरूंपर्यंत. १९३४ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाचं सार असं: ज्यूद्वेषाचं मूळ ज्यूंच्या वागण्यात नाही, चर्चच्या शिकवणीत आहे. हे एका पाद्र्याने लिहावं! दुसऱ्याच वर्षी जिनिव्हात नाझी समर्थकांनी त्यांच्यावर हल्ला केला, आणि पार्क्स समजून त्यांच्या नोकराला झोडपलं. ते इंग्लंडला परतले आणि हर्टफर्डशरमधल्या बार्ली गावी राहू लागले. घरात पुस्तकांचे ढीग, जोडीला निर्वासित. संशोधनाला पैसा पुरवला तो मार्क्स अँड स्पेन्सरवाल्या इस्राएल सीफ यांनी. अभ्यास पाद्र्याचा, थैली ज्यू व्यापाऱ्याची. पुढे जे मंडळ झालं त्याचं हे छोटं रूपच म्हणायचं.

पार्क्स यांचं म्हणणं त्या काळाच्या मानाने भलतंच पुढचं होतं. ज्यूंचा धर्म हा ख्रिस्ती धर्माची अर्धवट राहिलेली पायरी नाही, तो आपल्या जागी पूर्ण आहे. तेव्हा त्यांच्यात मिशन चालवणंच बंद करा. हे म्हणणं मान्य असणारे चर्चमध्ये तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

दुसरा माणूस विल्यम सिम्प्सन, मेथडिस्ट पाद्री. १९३८ पासून जर्मनीतून येणाऱ्या निर्वासितांसाठी चर्चेसनी जी समिती केली तिचे ते सचिव. आईबापांना स्टेशनवर सोडून आलेली सुमारे दहा हजार मुलं १९३९ मध्ये युद्ध सुरू होईपर्यंत ब्रिटनमध्ये पोचली. त्यांच्यासाठी घर शोध, जामीन शोध, कागद पुरे कर, यात ज्यू आणि ख्रिस्ती कार्यकर्ते शेजारी शेजारी टेबलं मांडून बसत होते. माझ्या मते सीसीजेचा खरा जन्म या टेबलांवर झाला. सही नंतर झाली.

सही करणारे दोघं. विल्यम टेम्पल तेव्हा यॉर्कचे आर्चबिशप होते आणि कँटरबरीला जाण्याच्या तयारीत होते. त्यांचे वडीलही कँटरबरीचे आर्चबिशप होते, पण हे चिरंजीव बेकारी, घरं, मजुरी यांवर बोलणारे. समोर चीफ रब्बी जोसेफ हर्मन हर्ट्झ. जन्म तेव्हाच्या हंगेरीतला, शिक्षण न्यूयॉर्कचं, रब्बीपण जोहान्सबर्गला केलेलं आणि स्वभाव भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. १९१३ पासून गादीवर. मार्च १९४२ मध्ये टेम्पल यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत मंडळ काढायचं ठरलं आणि ऑक्टोबरमध्ये ते जाहीर झालं. कॅथलिकांकडून कार्डिनल हिन्सली आले. सचिव अर्थातच सिम्प्सन, आणि ते १९७४ पर्यंत त्या खुर्चीत राहिले. अध्यक्ष येत-जात होते. चाक फिरवणारा हा एकच माणूस.

हर्ट्झ यांना भीती होती ती धर्मचर्चेची. एकदा का ख्रिस्ती आणि ज्यू देवाबद्दल बोलायला बसले, की एकतर कुणीतरी कुणाला पटवायला लागणार, नाहीतर दोन्हीकडचं पाणी एकत्र होऊन चव जाणार. म्हणून हेतू लिहिताना शब्द मोजून मापून वापरले: धार्मिक आणि वांशिक असहिष्णुतेशी लढणं, परस्पर सामंजस्य वाढवणं. बाप्तिस्म्याचा विषयच टेबलावर नाही. त्यावर टीका झाली, आजही होते. पण १९४२ साली युरोपात जे चाललं होतं ते पाहता आधी दार उघडणं गरजेचं होतं, आत कुठल्या खोलीत बसायचं हे नंतर.

त्याच डिसेंबरमध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ज्यूंच्या कत्तलीबद्दल दोस्त राष्ट्रांचं निवेदन वाचून दाखवलं गेलं आणि सभासद उठून स्तब्ध उभे राहिले. २३ मार्च १९४३ ला टेम्पल लॉर्ड्सच्या सभागृहात बोलले. आपण इतिहासाच्या, मानवतेच्या आणि देवाच्या न्यायासनापुढे उभे आहोत, असं त्यांनी सरकारला सुनावलं आणि निर्वासितांना तात्काळ आसरा द्या म्हणून मागणी केली. पुढच्याच महिन्यात निर्वासितांच्या प्रश्नावर बर्म्युडाला परिषद झाली आणि तिथून हात हलवत सगळे परत आले. टेम्पल १९४४ मध्ये गेले, हर्ट्झ १९४६ च्या जानेवारीत. दोघांची जोडी चार वर्षंही टिकली नाही.

बाजूला ठेवलेला प्रश्न मग स्वित्झर्लंडमध्ये वर आला. १९४७ च्या उन्हाळ्यात झेलिसबर्ग या डोंगरगावी ज्यूद्वेषावर तातडीची परिषद भरली. तिथे झ्यूल इझाक नावाचे फ्रेंच इतिहासकार आले होते. फ्रान्समधल्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांची इतिहासाची पाठ्यपुस्तकं वाचून मोठ्या झालेल्या. त्यांची बायको आणि मुलगी आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत मारल्या गेल्या होत्या. लपूनछपून राहत असतानाच ते एका प्रश्नाचा पाठपुरावा करत होते: ख्रिस्ती मुलाला रविवारी ज्यूंबद्दल नेमकं काय शिकवतात? त्यांच्या मांडणीवरून परिषदेने चर्चेससाठी दहा मुद्दे काढले. येशू ज्यू आईच्या पोटी जन्मला, पहिले शिष्य ज्यू होते, 'ज्यू' हा शब्द 'येशूचे शत्रू' या अर्थाने वापरू नका, अशी ती यादी. आज वाचली तर यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. तेव्हा ते सांगावं लागलं.

१३ जून १९६० ला हे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ हातात टिपणांचा गठ्ठा घेऊन पोप तेविसावे जॉन यांना भेटले. निघताना विचारलं, थोडीशी आशा घेऊन जाऊ का? पोप म्हणाले, आशेहून जास्त नेण्याचा तुम्हाला हक्क आहे. पाच वर्षांनी, २८ ऑक्टोबर १९६५ ला, व्हॅटिकन परिषदेने ज्यूंवरचा येशूवधाचा सरसकट आरोप काढून टाकणारी घोषणा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर केली. इझाक ती पाहायला नव्हते, १९६३ मध्येच वारले होते.

या घोषणेचं मोल कळायला सीसीजेची त्याआधीची एक नामुष्की आठवावी लागते. १९५४ मध्ये व्हॅटिकनच्या आदेशावरून ब्रिटनमधले कॅथलिक मंडळातून चक्क बाहेर पडले. कारण काय, तर एकत्र बसल्याने सगळे धर्म सारखेच असा समज पसरेल! म्हणजे गंमत पाहा: हर्ट्झ यांना जी धास्ती होती, तीच रोमलाही. फक्त रब्बी धास्तावूनही बसून राहिले आणि कार्डिनल उठून गेले. १९६० च्या दशकात ते परतले.

पुढच्या पिढीत नेतृत्वाचा चेहरा बदलला. सिग्मंड स्टर्नबर्ग हे हंगेरीतून १९३९ मध्ये आलेले ज्यू उद्योजक; ना रब्बी, ना पंडित. आउश्विट्झच्या भिंतीलगतच्या ज्या इमारतीत विषारी वायूचे डबे साठवले जात, तिथे १९८४ मध्ये कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या जोगिणींनी मठ थाटला. प्रार्थनेसाठीच, पण ज्यूंच्या जखमेवर मीठ. मठ हलवायचा करार १९८७ मध्ये झाला, मुदत टळून गेली, पोलंडमध्ये वातावरण तापलं. पोलंडचे कार्डिनल ग्लेम्प यांच्याशी पत्रव्यवहार करून गाडी रुळावर आणणाऱ्यांत स्टर्नबर्ग होते. जोगिणी हलल्या १९९३ मध्ये, तेही पोपने स्वतः पत्र लिहिल्यावर.

आणि तो रिवाज? १९९२ मध्ये नवे आर्चबिशप जॉर्ज केरी यांनी १८०९ च्या त्या सोसायटीचं आश्रयदातेपद नाकारलं. दीडशे वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. एकाच वेळी सीसीजेचा अध्यक्ष आणि ज्यूंच्या धर्मांतराच्या संस्थेचा आश्रयदाता, ही दोन डगरींवरची कसरत टेम्पलपासून सगळे करत आले होते. केरींनी एक पाय उचलला.

तोवर दुसरा वाद मोठा झाला होता: इस्राएल. २००६ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मसभेने इस्राएलला बुलडोझर पुरवणाऱ्या कंपनीसारख्या कंपन्यांतली गुंतवणूक काढून घेण्याच्या बाजूने ठराव केला, आणि चीफ रब्बी जोनाथन सॅक्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आर्चबिशप रोवन विल्यम्स यांना त्यांना पत्र लिहून खुलासा करावा लागला. दोघंही त्याच मंडळाचे अध्यक्ष. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दोघं इतर धर्मांच्या प्रमुखांना घेऊन आउश्विट्झला गेले.

मे २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या कॅथीड्रलमध्ये १२२२ च्या त्या नियमांबद्दल पश्चात्तापाची प्रार्थना झाली. आता चर्च ऑफ इंग्लंड जन्मालाच आलं सोळाव्या शतकात, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या माफी दुसऱ्याच्या पापाची होती. पण वारसा घ्यायचा तर कर्जासकट.

बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र अजून तिथेच आहे. व्हॅटिकनने डिसेंबर २०१५ मध्ये सांगून टाकलं, की ज्यूंना उद्देशून कुठलंही संस्थात्मक मिशन कॅथलिक चर्च चालवत नाही आणि त्याला पाठिंबाही देत नाही. चर्च ऑफ इंग्लंडने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूंशी असलेल्या नात्यावर शंभरहून जास्त पानांचा दस्तऐवज काढला. त्यात शतकांच्या ज्यूद्वेषाची कबुली आहे, पश्चात्ताप आहे. धर्मांतराच्या प्रयत्नांना सरळ नकार मात्र नाही, कारण त्यावर चर्चमध्येच एकमत नाही. शेवटचं प्रकरण लिहायला चीफ रब्बी एफ्राइम मिर्विस यांना बोलावलं होतं. त्यांनी कौतुक केलं, आभार मानले, आणि मग नेमक्या याच जागेवर बोट ठेवून आपला मोठा आक्षेप लिहिला. चर्चने तो आपल्याच पुस्तकाच्या शेवटी छापला.