पिळलेला बोल्ट, ताणलेला स्टड

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला पिळाचा जोर लागला की वाजणारा पाना, ‘कट्’ वाजला की बोल्ट बरोबर आवळला गेला, असं गॅरेजमध्ये समजतात. पाना खोटं बोलत नाही. पण तो सांगतो ते तुमच्या मनगटाच्या जोराचं माप. त्यातलं बोल्टच्या पदरात किती पडलं, हे त्याला ठाऊक नसतं. ढोबळ हिशेब असा, की शंभर रुपयांचा जोर लावला तर पन्नासेक रुपये बोल्टचं डोकं वायसरवर घासण्यात जातात, चाळीसेक आट्यांच्या घर्षणात जिरतात आणि खऱ्या कामाला दहा उरतात.

खरं काम म्हणजे बोल्ट ताणणं. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागावर, घट्ट बसतं ते ताणलेल्या बोल्टांच्या परत आखडण्याच्या धडपडीमुळे. हेड धरायला बोल्ट बरा की बिनडोक्याचा स्टड, हा जुना वादही याच ताणाभोवती फिरतो. पोलादाची ती कांडी म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग. जितकं ओढाल तितकी ती उलट ओढते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडला, तो इथे जसाच्या तसा लागू आहे. १०० मिलिमीटर लांबीची चांगल्या पोलादाची कांडी, कायमची वाढणार नाही इतक्या बेताने ताणली, तर जेमतेम पाव मिलिमीटर लांबते. पोस्टकार्डाच्या जाडीएवढं! हेड आणि ब्लॉकमधली गळती रोखणारी पातळ गॅसकेट टिकणार की उडणार, ते या पाव मिलिमीटरवर ठरतं.

आता ज्या इंजिनावर हा बोल्ट-स्टडचा वाद जुन्या गाड्यांचे शौकीन चवीने घालतात, त्या फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ कडे येऊ. १९३२ मध्ये हेन्री फोर्डने आठ सिलिंडरचं इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि क्रँककेस (खालची क्रँकशाफ्टची पेटी) एकाच ओतकामात, सगळं बिडाचं. सुरुवातीला ताकद होती ६५ हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, म्हणून हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकणच. या झाकणाला धरायला आधी दर बाजूला २१ स्टड होते, १९३८ पासून २४ झाले. अमेरिकेत ही इंजिनं अजूनही ‘२१ स्टडवालं’, ‘२४ स्टडवालं’ अशीच ओळखली जातात. पण १९४९ च्या नव्या इंजिनात, ज्याला ८बीए म्हणतात, स्टड जाऊन बोल्ट आले. कारखान्यात बोल्टच सोयीचा: एक वस्तू, भोकात टाकली, यंत्राने आवळली, पुढची गाडी. आज तेच ८बीए इंजिन नव्याने बांधताना पुष्कळ जण बोल्ट बाजूला ठेवून पुन्हा स्टड बसवतात.

स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. दोन्ही टोकांना आटे. एक टोक ब्लॉकमध्ये कायमचं बसतं, दुसऱ्यावर वायसर आणि नट चढतात. फ्लॅटहेडच्या स्टडवर खालच्या टोकाला इंचाला १४ आटे असतात आणि वरच्या टोकाला २०. ही विषमता मुद्दाम ठेवलेली आहे. बीड पोलादापेक्षा ठिसूळ, त्यात बारीक आटे पाडले तर ते पापडासारखे तुटतात, म्हणून तिथे जाड आटे. वर मात्र पोलादी स्टडवर पोलादी नट फिरतो, तिथे बारीक आटे चालतात. आणि आटे बारीक असले की नट एक फेरा फिरला तरी थोडंच खाली सरकतो, त्यामुळे ताण अलगद, हव्या त्या मापाने देता येतो.

बोल्टला हे सुख नाही. त्याला स्वतःच फिरून आत जावं लागतं, तेही सत्तर वर्षांच्या बिडात, जाड आट्यांवरून. वरून डोकं फिरवलं जातं, खाली आटे अडवून धरतात, आणि मधली कांडी ओल्या धोतरासारखी पिळली जाते. म्हणजे तिला एकाच वेळी दोन भार: ताण आणि पीळ. पोलादाची सहनशक्ती दोघांत वाटली जाते आणि गॅसकेट दाबायला कमी उरते. पाना काढल्यावरही थोडा पीळ आत अडकून राहतो. शिवाय दर वेळी हेड उतरवलं की ब्लॉकमधले आटे पुन्हा घासले जातात. एक दिवस ‘आटे गेले’ हे दोन शब्द ऐकायला मिळतात, आणि जुन्या ब्लॉकच्या मालकाला याहून वाईट शब्द नाहीत.

स्टडमध्ये खालचे आटे एकदाच, सैल हाताने फिरवून बसवले की संपलं. त्यानंतर सगळी घासाघीस वरच्या नटाशी. घर्षण नाहीसं होत नाही, हे कबूल केलं पाहिजे; विक्रेते तसं सुचवतात, पण ते खरं नव्हे. ते फक्त स्वच्छ, गुळगुळीत, तेल लावता येईल अशा जागी येतं. जुन्या भोकातल्या गंजाचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

तेलाचा उल्लेख केला तो उगाच नाही. आवळण्याचं सूत्र सोपं आहे: टॉर्क म्हणजे घर्षणाचा एक गुणांक, गुणिले व्यास, गुणिले ताण. फ्लॅटहेडचा स्टड साधारण ११ मिलिमीटर जाड. ८० न्यूटन-मीटर जोर लावला आणि कोरड्या आट्यांसाठी गुणांक ०.२ धरला, तर ताण येतो सुमारे पावणेचार टन. आटे तेलकट असतील आणि गुणांक ०.१५ झाला, तर त्याच ‘कट्’ला जवळजवळ पाच टन. पाना तोच, आवाज तोच, फरक एका तृतीयांशाचा! म्हणून स्टडसोबत आलेल्या कागदावर ज्या तेलाचं नाव असेल तेच लावायचं, आणि टॉर्कचा आकडाही त्याच कागदावरचा घ्यायचा. बोल्टचा आकडा स्टडला लावणं ही नेहमी होणारी चूक आहे.

हा ताण लागतो कशाला? सुरुवातीच्या फ्लॅटहेडमध्ये सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटरच्या आसपास. ज्वलनाचा दाब ३० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तीसपट, धरला तर नुसत्या पिस्टनएवढ्या क्षेत्रावर हेडला वर ढकलणारा जोर जवळजवळ दीड टन भरतो. इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर हा धक्का एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो.

मग जाड, दणकट स्टड घातले की प्रश्न मिटला? इथे फोक्सवॅगन बीटलची गोष्ट सांगावीशी वाटते. तिच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, हेड ॲल्युमिनियमचं, आणि लांबलचक स्टड क्रँककेसपासून हेडपर्यंत गेलेले. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन तापलं की हेड फुगतं, स्टड तितके लांबत नाहीत, ताण वाढतो आणि मऊ मॅग्नेशियममधून आटे उपटून निघतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने १० मिलिमीटरचे स्टड काढून ८ मिलिमीटरचे घातले. होय, बारीक केले! भोकात पोलादी आट्यांची नळीही बसवली. बारीक कांडी तेवढीच लांबताना दोन-तृतीयांशच जोराने ओढते, म्हणून आटे वाचले.

स्टडचे तोटेही आहेतच. ब्रिटिश ट्रायम्फ स्टॅगच्या व्ही-८ मध्ये निम्मे बोल्ट, निम्मे स्टड, आणि स्टड तिरके. ॲल्युमिनियमचं हेड आणि पोलादी स्टड गंजाने एकमेकांना चिकटले की हेड निघता निघत नाही. सरळ स्टडांच्या फ्लॅटहेडवरचं हेडही ॲल्युमिनियमचं असेल तर असाच हट्ट धरतं. शिवाय बोल्ट काढले की हेड बाजूला सरकवता येतं. स्टड असतील तर सरळ वरच उचलावं लागतं, आणि बॉनेटखाली तेवढी जागा नसेल तर इंजिनच बाहेर.

फ्लॅटहेडमध्ये आणखी एक खोड: ब्लॉकमधली स्टडची भोकं थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात. स्टडच्या खालच्या आट्यांना सीलंट (गळती रोखणारा लेप) लावलं नाही तर पाणी आट्यांतून वर चढून नटाशी झिरपतं. आणि स्टड पान्याने आत रेटू नये. आट्यांच्या शेवटी तो पाचरीसारखा अडकतो, आणि या ब्लॉकला भोकांपाशी तडे जाण्याची सवय आधीच आहे. भोक साफ करायला नवे आटे कापणारा टॅप नको, जुने फक्त पुसून काढणारा हवा.

आपल्या ॲम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड पहिल्यापासून स्टडवरच होतं. स्टड काढायचा तर वरच्या आट्यांवर दोन नट चढवायचे, एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि खालचा नट उलटा फिरवायचा. स्टड गुपचूप बाहेर येतो. बसवताना वरचा नट फिरवायचा, तोही बोटांनीच.