गूजनेक अडॅप्टर

पिकअप ट्रकच्या हौद्यात फिफ्थ व्हील जोडणीसाठी आधीच बसवलेल्या दोन आडव्या रेल्सवर गूजनेक ट्रेलरचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो तो गोळा, उभा करणारी, काढता-घालता येणारी पोलादी चौकट. वापर मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात. तिथे एकाच पिकअपने सुट्टीत राहण्याचा फिफ्थ व्हील ट्रेलर आणि एरवी गुरांचा किंवा घोड्यांचा गूजनेक ट्रेलर ओढणारी कुटुंबे बरीच आहेत आणि या दोन ट्रेलरांच्या जोडण्या एकमेकींना लागत नाहीत.

फिफ्थ व्हील, म्हणजे ‘पाचवे चाक’, हे नाव घोडागाडीच्या काळातले. चारचाकी गाडीचा पुढचा एक्सल वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे कडे असे. मुंबईच्या व्हिक्टोरियालाही ते असे. मोटारींच्या जमान्यात त्या कड्याची जागा खाच असलेल्या जाड तबकडीने घेतली. ट्रेलरच्या नाकाखालची 2 इंच व्यासाची उभी खुंटी, म्हणजे किंगपिन, या खाचेत शिरते आणि जबडा तिला धरून ठेवतो. न्हावा-शेवा बंदरातून निघणाऱ्या कंटेनर ट्रेलरची जोडणी याच जातीची. पिकअपमध्ये बसते ती तिची धाकटी आवृत्ती.

गूजनेकचा प्रकार वेगळा. ट्रेलरची मान हंसासारखी वर येऊन हौद्यात खाली उतरते आणि तिच्या टोकाची वाटी 2 5/16 इंची बॉलवर बसते. ट्रेलर बॉलवर चहूबाजूंनी डोलू शकत असल्याने शेतातल्या खाचखळग्यांत ही जोडणी आखडत नाही. गुरे पाळणारे तिला पसंती देतात ते म्हणून. फिफ्थ व्हील महामार्गावर अधिक शांत चालते. दोन्ही जोडण्यांचा भार मागच्या एक्सलवर किंवा त्याच्या किंचित पुढे पडतो. आपल्याकडच्या उसाच्या ट्रॉलीसारखा तो मागच्या हुकावर लटकत नाही, आणि जड ट्रेलर त्यामुळेच ताब्यात राहतो.

रेल्स हौद्याच्या पत्र्यावर टेकलेल्या दिसल्या तरी भार पत्रा घेत नाही. त्यांचे बोल्ट पत्र्यातून खाली जाऊन चासीला लावलेल्या ब्रॅकेटमध्ये आवळलेले असतात. प्रत्येक रेलला दोन्ही टोकांकडे खाचा असतात. फिफ्थ व्हीलचे पाय त्यांत उतरवून आडव्या पिना सारायच्या आणि क्लिप लावायच्या. अडॅप्टरचे चार पायही त्याच खाचांत, त्याच पिनांनी बसतात. फिफ्थ व्हीलचे अवजड धूड बाहेर काढायला मात्र दोन माणसे लागतात.

भाराच्या बाबतीत अडॅप्टर रेल्सवर मेहेरबान आहे. फिफ्थ व्हीलचे डोके हौद्याच्या तळापासून साधारण 16 इंच वर असते. ब्रेक लागला की ट्रेलरचा धक्का त्या उंचीवर बसतो आणि रेल्स उखडू पाहतो. अडॅप्टरचा बॉल 5 इंचांवर असेल, तर तेवढ्याच धक्क्याने रेल्सवर येणारा पीळ एक-तृतीयांशाच्याही खाली जातो. उभ्या भाराचे गणित मात्र उलटे. फिफ्थ व्हीलचे वजन दोन्ही बाजूंच्या पायांतून उतरते, तर बॉलचे वजन चौकटीच्या नेमके मध्यावर पडून तिला वाकवते. म्हणून रेल्सवर छापलेली क्षमता अडॅप्टरची क्षमता समजू नये. चासी, रेल्स, चौकट, बॉल आणि ट्रेलरची वाटी यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच खरा.

त्याहून आधी तपासायची ती ट्रकची स्वतःची भारक्षमता. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तिचे स्टिकर असते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा बॉलवर येतो असे धरले, तर 10,000 पौंडी ट्रेलर हौद्यात 2,000 पौंड, म्हणजे सुमारे 900 किलो टाकतो. हलक्या पिकअपची क्षमता बहुधा इथेच संपते, मग रेल्स कितीही दणकट असोत.

अडॅप्टरमुळे बॉल हौद्याच्या तळापासून काही इंच वर येतो, म्हणून गूजनेकच्या मानेची आतली नळी तेवढीच आत सरकवून ट्रेलर समपातळीत आणावा लागतो. नाक वर राहिले तर ट्रेलरच्या मागच्या चाकांवर जादा भार पडतो, आणि हौद्याच्या कडा व ट्रेलरची मान यांतले अंतरही पाहून घ्यावे लागते. सुरक्षेच्या साखळ्या हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग. किंगपिन जबड्यात अडकलेली असते. वाटी मात्र बॉलवरून उसळू शकते, म्हणून गूजनेकला साखळ्या हव्यातच. त्यांच्या कड्या अडॅप्टरलाच असाव्यात. हौद्यात सामान बांधायला दिलेल्या कड्यांत साखळी अडकवणे हा निव्वळ देखावा. खाचांत पाय थोडे सैल बसले की गाडी थांबता-निघता खडखडाट होतो. आवाज अचानक वाढला तर बोल्ट पाना लावून पाहावेत.

याच्या उलटा उपायही विकला जातो: ट्रकमध्ये बॉल तसाच ठेवून फिफ्थ व्हील ट्रेलरच्या किंगपिनलाच खाली लांब नळी जोडायची. दिसायला काम तेच, पण इथे लांब दांडीचा पीळ ट्रेलरच्या सांगाड्यात शिरतो. तो त्यासाठी घडवलेला नसल्याने पुष्कळ उत्पादक अशा जोडणीनंतर हमी नाकारतात. दोहोंतून निवडायचे झाल्यास फेरफार ट्रकच्या बाजूला केलेला बरा.

ज्यांना फक्त गूजनेकच ओढायचा आहे त्यांना रेल्स आणि अडॅप्टर दोन्ही अडगळ. ते हौद्याच्या मध्यभागी सुमारे 4 इंचांचे भोक पाडून बॉलचा आधार खालून चासीला बसवतात. काम संपल्यावर बॉल काढला किंवा उलटा फिरवून ठेवला की हौदा सपाट होतो आणि गवताच्या गाठी, फावडी, प्लायवूड विनाअडथळा सरकते.