चांदीत न विरघळणारं निकेल

फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधून अधूनमधून 'टक्' असा आवाज येतो. आत रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचची, पट्टी हलते आणि मसुराच्या दाण्याएवढे दोन पॉइंट एकमेकांवर टेकतात. आमचा जुना स्टॅबिलायझर एकदा अडकला, तेव्हा त्यातला रिले मी उघडून पाहिला. पॉइंट चिकटले होते. स्क्रू ड्रायव्हरने सोडवले, तर एकावर खड्डा पडलेला आणि दुसऱ्यावर बारीक टेंगूळ.

अशा पॉइंटसाठी चांदी वापरतात, कारण वीज वाहून नेण्यात तिच्या तोडीचा धातू नाही. तांब्याचा नंबर तिच्यानंतर लागतो. पण शुद्ध चांदी मऊ असते आणि ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. पॉइंट उघडमीट करताना पडणारी ठिणगी याहून कितीतरी जास्त तापते. वरची चांदी क्षणभर पातळ होते आणि त्याच क्षणी पॉइंट टेकले, की वेल्डिंग केल्यासारखे जोडले जातात.

म्हणून अनेक रिलेंमध्ये वजनाने ९० टक्के चांदी आणि १० टक्के निकेल वापरतात. याला मिश्रधातू म्हणायची पद्धत आहे, पण खरं तर हे दोन धातू एकमेकांत जवळजवळ विरघळतच नाहीत. एकत्र वितळवून ओतले तरी वेगळे होतात. त्यामुळे त्यांची भुकटी कालवून दाबतात, भट्टीत भाजतात आणि साच्यातून रेटून तार काढतात. त्या तारेत निकेलचे कण निकेलच राहतात. जोरकस चुंबक जवळ नेला तर तो तारेला ओढतो. शुद्ध चांदीला ओढत नाही.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. निकेल चांदीत विरघळलं असतं, तर त्याच्या विखुरलेल्या अणूंनी विजेची वाट फार अडवली असती. वेगळं राहिल्यामुळे वहनक्षमता साधारण दहा-पंधरा टक्केच घटते. बदल्यात पॉइंट कडक होतो, कमी झिजतो. निकेल १४५५ अंशांना वितळतं, त्यामुळे चांदी पातळ झाली तरी त्याचे कण बराच वेळ टिकून राहतात आणि पॉइंट चिकटलेच तर तो जोड कच्चा राहून स्प्रिंगच्या ताणाने सुटतो.

अगदी ०.१५ टक्के निकेलसुद्धा कामाला येतं. तापल्यावर चांदीचे स्फटिक मोठे होऊन ती आणखी मऊ पडते. एवढंसं निकेल ती वाढ रोखतं.

(भांड्यांच्या दुकानातल्या 'जर्मन सिल्व्हर'शी याचा संबंध नाही. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी मुळीच नसते.)

एका बाबतीत मात्र निकेल मदत करत नाही. हवेतल्या गंधकाने देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं, तसाच हा पॉइंटही पडतो. मोठ्या प्रवाहात ठिणगीने तो थर जळून जातो. अगदी बारीक प्रवाहाच्या रिलेत तो तसाच राहतो, म्हणून तिथे पॉइंटवर सोन्याचा मुलामा देतात.