ज्येष्ठता यादीत पहिले नाव, म्हणून पदोन्नती हक्काचीच?

‘ज्येष्ठ असूनही पदोन्नती नाकारली, तर भेदभाव आपोआप सिद्ध होतो,’ असा संदेश धारणीपासून सिरोंच्यापर्यंतच्या तलाठ्यांत आणि वनरक्षकांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. दुर्गम भागात सेवा केलेल्यांना तो पटावा, हे स्वाभाविक आहे.

मात्र संविधानाची कलमे १४ आणि १६ पदोन्नतीची हमी देत नाहीत. पात्र कर्मचाऱ्याचा पदोन्नतीसाठी न्याय्य विचार व्हावा, एवढा हक्क देतात, आणि तो लहान नाही. नाव विचारक्षेत्रातच, म्हणजे पदोन्नतीसाठी तपासायच्या नावांतच, घेतले नसेल, किंवा गुणवत्ता समान असताना धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान पाहून डावलले असेल, तर दावा उभा राहतो. गोपनीय अहवालांची, म्हणजे वरिष्ठांनी कामाबद्दल लिहिलेल्या शेऱ्यांची, प्रतवारी कमी पडली, किंवा विभागीय चौकशी प्रलंबित असल्याने पदोन्नती समितीचा निष्कर्ष ती संपेपर्यंत मोहोरबंद पाकिटात राहिला, तर केवळ तेवढ्याने भेदभाव ठरत नाही.

पडताळणीसाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून ज्येष्ठता यादी, स्वतःचे गोपनीय अहवाल आणि पदोन्नती समितीचे इतिवृत्त मागावे. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. त्याच वेळी लेखी निवेदनही द्यावे, कारण राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला अंतिम आदेशानंतर सामान्यतः एका वर्षातच सेवाविषयक वाद ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जावे लागते.