बोलोन्याचे दोन मनोरे: आसिनेल्ली कुठला आणि गारिसेंदा कुठला?

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या जुन्या भागात, पियाझ्झा दि पोर्ता राव्हेन्याना या चौकात, विटांचे दोन चौकोनी मनोरे अगदी शेजारी शेजारी उभे आहेत. दोन्ही बाराव्या शतकाच्या सुरुवातीचे, दोन्ही खाजगी घराण्यांनी बांधलेले आणि दोन्ही कललेले. त्यामुळे कुणी ‘बोलोन्याचा झुकता मनोरा’ म्हणालं, तर नक्की कुठला ते विचारून घ्यावं लागतं.

उंच तो आसिनेल्ली, बुटका तो गारिसेंदा. फोटो ओळखायला एवढं पुरतं. घोळ होतो तो पुढे, कारण बघणाऱ्याची नजर आधी उंच मनोऱ्यावर जाते आणि ‘झुकता’ हे विशेषण आपोआप त्याला चिकटतं. आसिनेल्ली ९७ मीटर उंच आहे आणि त्याचा कल जेमतेम सव्वा अंशाचा. माथ्यावरून ओळंबा सोडला तर पायथ्याशी सव्वादोन मीटरच्या आसपास फरक पडेल. गारिसेंदा ४८ मीटरचा, म्हणजे शेजाऱ्याच्या निम्माच. पण त्याचा कल चार अंशांचा आणि माथा तीन मीटरहून जास्त बाहेर आलेला. खरा झुकता मनोरा म्हणायचा तर हाच.

पिसाच्या मनोऱ्याचा कल एकेकाळी साडेपाच अंशांच्या घरात गेला होता. १९९० मध्ये तो बंद करून दुरुस्ती झाली आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला तेव्हा कल चार अंशांवर आणलेला होता. त्यामुळे आज कलाच्या बाबतीत गारिसेंदा जगप्रसिद्ध पिसाला तोडीस तोड आहे. फक्त पिसाचा मनोरा म्हणजे कॅथीड्रलचा घंटाघर, गोल आणि संगमरवरी. बोलोन्याचे हे दोघे देवाधर्मासाठी उभे राहिलेले नाहीत. शहरातल्या श्रीमंत घराण्यांना आपलं वजन दाखवायला आणि भांडणतंट्यात आसरा म्हणून असे मनोरे लागत. बोलोन्यात तेव्हा असे कित्येक डझन होते, आज वीसेक उरलेत.

गारिसेंदा मुळातच बुटका बांधला, हा दुसरा गैरसमज. तो साठेक मीटर उंच होता. खालची जमीन खचली, पाया बसला, आणि चौदाव्या शतकाच्या मध्याला तो पडेल या भीतीने वरचे सुमारे १२ मीटर उतरवून टाकले. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये इथं आला, तेव्हा हा मनोरा मुद्दाम वाकडा बांधला असावा असा तर्क त्याने मांडला. तर्क रंजक आहे, पण दोष जमिनीचा होता.

मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेने पाहिला तो मात्र अख्खा गारिसेंदा. ‘डिव्हाइन कॉमेडी’ या त्याच्या काव्यात तो स्वतःच नरकातून प्रवास करतो, रोमन कवी व्हर्जिल त्याचा वाटाड्या. नरकाच्या तळाशी अँटियस नावाचा राक्षस या दोघांना खाली ठेवायला वाकतो, तेव्हा दान्तेला या मनोऱ्याची आठवण होते. झुकलेल्या बाजूला खाली उभं राहून वर बघावं आणि त्याच वेळी वरून उलट दिशेने ढग सरकावा, की ढग स्थिर आणि मनोराच आपल्या अंगावर येतोय असं वाटतं. या ओळी मनोऱ्याच्या पायथ्याशी दगडावर कोरल्या आहेत. आसिनेल्ली दुप्पट उंच असूनही हा मान गारिसेंदाला मिळाला, आणि मला तो योग्यच वाटतो.

उपयोगाला आला तो आसिनेल्ली. नगरपालिकेच्या ताब्यात गेल्यावर तुरुंग, पहाऱ्याची जागा अशी नाना कामं त्याने केली. १६४०च्या दशकात रिच्चिओली या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पडणाऱ्या वस्तूंचा वेग मोजायला याच्या माथ्यावरून गोळे सोडले. दीडेकशे वर्षांनी गुलिएल्मिनी या शास्त्रज्ञाने इथूनच गोळे टाकून पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा शोधला. आतला लाकडी जिना १६८४ मध्ये पूर्ण झाला. त्याला ४९८ पायऱ्या आहेत.

चढायला मिळायचा तोही आसिनेल्लीच. ‘दोन मनोरे चढून आलो’ असं कुणी सांगितलं तर खुशाल शंका घ्यावी, कारण गारिसेंदा पर्यटकांसाठी कधी खुला नव्हताच. ऑक्टोबर २०२३ मध्ये गारिसेंदावरच्या मोजमापांत काळजी करण्यासारखे बदल दिसले, आणि त्याच्याबरोबर आसिनेल्लीही बंद झाला. आसिनेल्लीत बिघाड नव्हता, पण शेजारी कोसळला तर तोही धोक्यात. दुखणं गारिसेंदाच्या पायथ्याशी आहे. तिथे बाहेरून सेलेनाइटचे, म्हणजे जिप्समचे, चिरे आहेत आणि आत दगडगोटे व चुन्याची भर. जिप्सम पाण्यालाही कच्चं आणि उष्णतेलाही. आठ-नऊ शतकांत चिरे झिजले, भर भुसभुशीत झाली, आणि वरचा भार कलामुळे एकाच बाजूला. पिसाला सावरताना वापरलेल्या पोलादी आधारचौकटी इथे आणल्या आहेत. पडझड झालीच तर मलबा अडावा म्हणून भोवती पोलादी कठडाही उभारला आहे. काम काही वर्षांचं आहे.

तेव्हा सहल आखताना मनोरे चढायचा दिवस धरू नका. खालून बघायला काही अडचण नाही. भिंतींवर ओळीने चौकोनी भोकं दिसतात, ती बांधकामाच्या परांचीची लाकडं खोवायची. उंचावरून शहर बघायची हौस असेल तर पियाझ्झा माज्जोरेतल्या पालाझ्झो द’अक्कुर्सिओचा घड्याळाचा मनोरा आहे. तिथं वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं, म्हणून आधीच काढून ठेवा. वरून पूर्वेला पाहिलं की लाल कौलांच्या वर आसिनेल्ली लगेच सापडतो. गारिसेंदा त्याच्या पायाशी शोधावा लागतो.

आणि बोलोन्याच्या विद्यापीठात कुणी शिकत असेल तर त्यांना विचारून बघा: पदवी हातात पडायच्या आधी आसिनेल्ली चढला तर पदवी मिळतच नाही, असा तिथल्या विद्यार्थ्यांचा समज आहे. सध्या तेवढी पंचाईत टळली आहे.